मरव्याची बरणी आणि अक्कांचा डोळा

मला राग आला की मी भांडी घासतो. यात कौतुकाचं काही नाही. ज्याच्यावर राग आला त्याला तोंडावर दोन शब्द सुनावण्याचं धैर्य देवानं मला दिलं नाही, म्हणून ते सगळं कढईच्या बुडावर निघतं. लग्नानंतर बायकोच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एखादं पातेलं करपलं की ती मुद्दाम माझ्या कारखान्यातल्या साहेबाचा विषय काढायची, आणि मी आत जाऊन बाह्या सरसावायचो.

ज्या दिवसांचं हे सांगतोय, त्या दिवसांत अड्यारच्या आमच्या घरातली भांडी अशी लखलखत होती की कुकरच्या झाकणात बघून दाढी करता आली असती. कारण होतं मरवा. एका फुटक्या बादलीत लावलेला मरवा, आणि तो एका म्हाताऱ्या बाईनं ताटात घ्यावा की घेऊ नये यावरून झालेलं भांडण. भांडण तरी कसलं, मी एकटाच मनातल्या मनात भांडत होतो. बाकी सगळ्या जणी शांत होत्या. मला त्याचाच जास्त राग येतो.

आधी माणसं सांगतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे चेन्नई संपल्यावर उत्तरेला आणखी बरंच पुढे. आणि घर दक्षिणेला अड्यारमध्ये, कारण बायकोचं ऑफिस तिथे, मुलीची शाळा तिथे. पहाटे बस, मग सेंट्रलहून गाडी. संध्याकाळी तेच उलटं. या प्रवासात माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, आणि माझ्यासारख्या माणसाला तो मिळू नये.

बायको तंजावरी मराठी. तिचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर खाली आले आणि इथलेच झाले. त्या लोकांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, आणि तिला तमिळचा हेल. पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बैसा, माप्पिळ्ळै." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. पण ते 'बैसा' ऐकून मला आपण कीर्तनाला आलोय असंच वाटलं, आणि मी सरळ जमिनीवर मांडी घातली. माझ्यासाठी मांडलेली खुर्ची मागे तशीच राहिली. त्या घरात ही गोष्ट अजून सांगतात.

सासरे गेले तेव्हा मेहुणा अमेरिकेत होता, म्हणून सासूबाई त्रिचीहून आमच्याकडे राहायला आल्या. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि ती मरव्याची बादली. ट्रंक टॅक्सीच्या डिकीत गेली. बादली त्यांनी मांडीवर घेतली.

मरवा तुम्हाला गणपतीच्या पत्रीतला माहीत असेल, नाहीतर वेणीतला. इकडे त्याला मरु म्हणतात. फुलवाल्या बाया मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या सरात मधून मधून त्याची हिरवी काडी गुंफतात, आणि नुसत्या त्या वासानं बसमधली गर्दीसुद्धा थोडी माणसांत आल्यासारखी वाटते. सासूबाई लग्न झाल्यापासून रोज न्हाऊन वेणी घातली की मरव्याची एक डहाळी तीत खोचत. बायको सांगते, लहानपणी वीज गेली की अंधारात आई कुठल्या खोलीत आहे ते तिला वासावरून कळायचं. सासऱ्यांच्या तेराव्यानंतर ती डहाळी बंद झाली. कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलं नाही. सांगायला लागूच नये अशी व्यवस्था आपल्याकडे फार आधीपासून झालेली आहे. झाडाला पाणी मात्र त्या रोज घालत. देवासाठी दोन डहाळ्या तोडत. आणि तोडून झाल्या की लगेच नळाखाली बोटं धूत.

सुट्टीच्या दिवशी पेपर वाचता वाचता मी हे बघायचो. देवाला द्यायचं, पण बोटाला वास राहू द्यायचा नाही. मी पेपर घडी घालून ठेवायचो आणि आत जाऊन तवा घासायचो. तवा घासायचा नसतो, त्यात मुरलेलं तेल जातं, असं बायकोनं मला अनेकदा सांगितलं आहे.

मग सासूबाईंच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि मीठ बंद केलं. कमी नव्हे, बंद. लोणचं गेलं, पापड गेला, ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या गेल्या. जिचा जन्म ताकभात आणि बाळकैरीच्या लोणच्यावर गेला तिच्यापुढे अळणी भात ठेवला. त्यांनी तक्रार केली नाही. त्या तक्रार करत नसत, हीच तर माझी तक्रार. दोन घास घ्यायच्या, ताट हलकेच पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "जालें. पुष्कळ जालें." बघता बघता गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीनं अन्न घालावं लागेल. हे त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून सांगितलं, जसं काही मीच त्यांच्या ताटातलं ओढून खात होतो. माझं पोट बघता त्यांना तसं वाटणं शक्य होतं.

उपाय निघाला तो पिझ्झाच्या पुडीतून. घरपोच पिझ्झा तेव्हा नवीन होता, आणि आमच्या मुलीला तो मागवायला कुठलंही निमित्त पुरायचं. त्याच्याबरोबर येणाऱ्या ओरेगानोच्या पुड्या फ्रिजच्या दारात साठत. त्या कोणी वापरत नाही आणि कोणी टाकत नाही. एके दिवशी मुलीनं आजीच्या उकडलेल्या बटाट्यावर त्यातली एक पुडी उपडी केली. "पाट्टी, खाऊन बघ, फॉरेन आहे." आजीला ती तमिळसारखं पाट्टी म्हणायची.

सासूबाईंनी ताट उचलून नाकाशी नेलं. बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

"हें मरव्याचें भावंड," त्या म्हणाल्या. "थोडें उनाड आहे."

आणि त्यांनी बटाटा संपवला. मिठाशिवाय, सगळा. वर विचारलं, "आणखी आहे?"

मला वाटलं, आता आपण जिंकलो. भावंड चालतं तर सख्खा मरवा का नाही? दुसऱ्याच दिवशी मी देवळाजवळच्या फुलवालीकडून मरव्याच्या दोन जुड्या घेतल्या. घरात झाड असताना बाहेरून का घेतल्या, असं बायकोनं विचारलं. घरातलं झाड देवाचं होतं आणि त्याला हात लावायची माझी छाती नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही. जुड्या ओल्या गोणपाटात दिवसभर पडलेल्या होत्या. त्यांना मरव्याचा थोडा आणि गोणपाटाचा पुष्कळ वास येत होता, आणि कसल्याशा फवारणीचाही. मी त्या धुतल्या, धुतल्या, पुन्हा धुतल्या, तुरीच्या डाळीत घातल्या आणि कुकरला शिट्ट्या दिल्या. आमच्याकडे शिजवणं म्हणजे शिजवणं. पदार्थानं शरण यायला हवं.

सासूबाईंनी त्या आमटीचा एक घोट घेतला आणि काळजीनं माझ्याकडे बघितलं.

"ताप कोणाला आला आहे, माप्पिळ्ळै?"

मग त्यांनी मला शिकवलं. स्वयंपाकघराच्या दारात पाठमोऱ्या उभ्या राहून शिकवलं, कारण जावई कमरेला पंचा गुंडाळून ओट्यापाशी उभा आहे हे दृश्य त्यांना समोरून सोसत नव्हतं. "हारांत गुंफायचा मरवा वेगळा, खायचा वेगळा," त्या दाराच्या चौकटीला सांगत. हारवालीला लांब काडी लागते, बांधायची असते तिला. लांब काडी म्हणजे म्हातारी काडी. आपल्याला हवा कोवळा शेंडा, ज्याची पानं राखी हिरवी आणि उंदराच्या कानासारखी मऊ. शेंड्याला बारीक हिरवे मणी धरतात, तेच त्याचे कळे. ते दिसायच्या आधी तोडायचा. कळे आले की झाडाचं लक्ष फुलांकडे गेलं, मग पानांत राम नाही. तोडायचा तो दोन समोरासमोरच्या पानांच्या अगदी वर, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात. दंव सुकल्यावर, पण ऊन तापायच्या आत.

"आणि वाळवायचा उन्हांत नाहीं. उन्हांत ठेवलात तर वास सूर्य खातो, काडी आपल्याला राहते."

पण चेन्नईत सावलीत काही वाळतं का? इथे सावलीत माणूससुद्धा ओला होतो. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे सासऱ्यांचं जुनं मऊ धोतर. ते पंख्याखाली पसरायचं, त्यावर डहाळ्या एकमेकींना न चिकटता मांडायच्या, आणि वीज गेली की सगळ्यांनी मिळून वीज मंडळाचा उद्धार करायचा. पानं कुरकुरली की अख्खीच काढून काचेच्या बरणीत. बरणीच्या तळाला भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी, ओल प्यायला. चुरायचं नाही. चुरा करून ठेवलेला मरवा म्हणजे उघडी ठेवलेली अत्तराची बाटली. ताटाशी बसल्यावर तळहातावर चुरायचा.

शिजवण्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "चूल बंद, मग मरवा, मग झाकण. तुम्ही मात्र शिट्टी देऊं नका."

त्या जेवायला लागल्या. ताकभातात चिमूटभर मरवा, वरून लिंबू. उकडलेल्या बटाट्यावर मरवा आणि मिरपूड. ओल्या नारळाच्या चटणीत ताजी पानं, तीही वाटून झाल्यावर शेवटी. मिठाची आठवण येतच नव्हती असं नाही, पण ताट पुढे सरकेनासं झालं. सूज उतरली, गाल भरले. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा माणसासारखं बघितलं. आणि एका रविवारी मी पेपरावरून बघितलं तर डहाळ्या तोडून झाल्यावर सासूबाईंनी बोटं धुतली नव्हती. कठड्याला टेकून खालचा रस्ता बघत उभ्या होत्या, आणि हात सहज नाकाजवळ गेला होता.

मी पेपर तसाच धरून बसलो. पान उलटलं असतं तर आवाज झाला असता.

आणि मग अक्का आल्या.

अक्का म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, सासूबाईंची नणंद. सगळं घर त्यांना अक्काच म्हणे. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या होत्या आणि तेव्हापासून त्रिचीच्या त्या घरात त्यांचाच शब्द चाले. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चेन्नईला आमच्याकडे उतरल्या. दिसत काहीच नव्हतं. नाक मात्र सलामत होतं.

आल्याच्या दिवशी सगळ्या जेवायला बसल्या. सासूबाईंनी ताकभातावर तळहात चोळला. अक्कांनी मान वर केली.

"मरव्याचा वास. कोणी माळला आहे?"

"माळला नाही," आमची मुलगी मोठ्या उत्साहानं म्हणाली. "पाट्टीच्या ताकभातात आहे. सॉलिड लागतो."

अक्कांनी भाताचा गोळा नीट वळून तोंडात घातला, चावला, गिळला. मग सासूबाईंच्या दिशेनं तोंड करून अगदी शांतपणे म्हणाल्या, "केंसांत घालतां येत नाहीं, म्हणून पोटांत घालतेस?"

सासूबाईंचा हात ताटात होता, तो तिथेच राहिला.

"सुवासाचें सगळें माझ्या भावाबरोबर गेलें तुझें," अक्का म्हणाल्या. "माझें गेलें तसें."

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. "जालें," त्या म्हणाल्या.

मी काय केलं? मी म्हणालो, "अक्का, आणखी भात वाढू का?" आणि वाढला. वर तूप वाढलं. त्यानंतर मोरीत जाऊन मी घासायची होती ती भांडी, नव्हती ती, आणि शेजारणीला परत द्यायचा डबा, सगळं घासलं. बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, म्हातारं माणूस आहे. ऑपरेशन झालं की जातील."

"तोपर्यंत तुझ्या आईनं काय खायचं?"

"हळू बोला."

"तू कधी मोठ्यानं बोलणार ते सांग."

"ते स्टील आहे," ती म्हणाली. "चांदी नाही. किती घासाल?"

बरणी देवाच्या फळीवर गेली. सासूबाई परत दोन घासांवर आल्या. आणि बोटं धुणं सुरू झालं, आता साबण लावून. ऑपरेशन झालं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासण्यांसाठी थांबवून घेतलं. काळा चष्मा लावून त्या वेताच्या खुर्चीत बसत, वाकायचं नाही, डोक्यावरून न्हायचं नाही. आणि ताटावर कोण काय घेतं ते नाकानं बघत.

एके सकाळी पूजा करता करता सासूबाईंना घेरी आली. समई वाचली, कपाळ फुटलं. डॉक्टरांनी टाका घातला, वजन केलं, आणि बायकोला बाहेर बसवून माझ्यावर असे काही बरसले की नर्सनं दार लावून घेतलं. "काय खायला घालता तुम्ही त्यांना? इतकं सुधारलं होतं, काय बदललं?" काय सांगणार? घरात एक नाक आलं आहे, हे? मी म्हटलं, "बघतो." आठवडाभरात वजन वाढलं नाही तर भरती करा, असं त्यांनी बजावलं.

त्या आठवड्यात गुम्मिडिपूंडीच्या गाडीत मी रोज अक्कांशी भांडलो. जाताना मराठीत, येताना तमिळमध्ये. तमिळमध्ये राग चांगला येतो, पण माझी तमिळ कारखान्यातली. तिच्यात मला फक्त मशीन बंद करा, माल उचला, आणि लाज वाटत नाही का, एवढंच नीट बोलता येतं. शेवटचं वाक्य मी बरंच घोटलं. समोर बसलेले एक गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

रविवार आला. आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली. अक्कांच्या डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. बायकोचा हात कापायचा, सासूबाईंना बाटलीचं टोक दिसायचं नाही, मुलीवर अक्कांचा विश्वास नव्हता. तेव्हा घरात ज्या माणसाला अक्कांचा सर्वांत जास्त राग आलेला होता, तोच रोज त्यांची मान मागे टेकवून, अंगठ्यानं हलकेच पापणी ओढून, श्वास रोखून थेंब सोडायचा. रागावलेल्या माणसाचा हात इतका स्थिर राहतो, हे मला तेव्हा कळलं.

"वर बघा, अक्का."

"बघतें."

"तुम्ही आईंना जेवू देत नाही." बोलून गेलो. बाटली डोळ्यावर तशीच.

"मी कधी हात धरला तिचा?"

"डोळा मिटू नका. हात नाही धरलात. बोललात. ते पुरतं त्यांना."

"धर्माचें तें सांगितलें."

"हिंगाला वास नाही? कढीपत्त्याला? कोथिंबिरीला? तुमच्या रसमला वास येतो तो खालच्या मजल्यावर जातो. तो चालतो?"

"तें जेवणाचें."

"मरवासुद्धा जेवणाचाच. त्या तेच जेवत होत्या. आता तेही नाही. कपाळ फुटलं त्यांचं, दिसत नाही तुम्हाला?" दिसत नव्हतंच. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं, तेवढ्यात थेंब सुटला आणि गालावरून ओघळला.

"बाहेर गेला," अक्का म्हणाल्या. "पुन्हा घाला."

मी पुन्हा पापणी ओढली. त्या वर बघत होत्या, छताकडे, आणि छतालाच सांगितल्यासारखं बोलायला लागल्या. "मी माहेरीं परत आलें तेव्हां माझी वेणी कमरेपर्यंत होती, माप्पिळ्ळै. मग नव्हती. अंगणांत मरव्याचा वाफा होता. आई म्हणाली, देवाचें झाड आहे, पाणी तूं घाल. घातलें. आई गेली, घातलें. भाऊ गेला, अजून घालतें. इतक्या वर्षांत एक पान चुरडून पाहिलें नाहीं. ही तुमची सासू, हिनें सगळा जन्म केंसांत माळला. माझ्यासमोर माळला, त्याच वाफ्यांतला. आतां पोटांतही तिलाच?"

या वेळी थेंब बरोबर पडला.

गाडीत घोटलेल्या सगळ्या वाक्यांचा मला विसर पडला. राग गेला नव्हता. उलट वाढला होता, पण आता तो खुर्चीत बसलेल्या बाईवर मावत नव्हता. ज्या कोणी ती वेणी उतरवली आणि मग हातात पाण्याची कळशी दिली, त्यांतलं एकही माणूस बोलायला शिल्लक नव्हतं. समोर होत्या फक्त अक्का. म्हणून त्यांच्यावरच ओरडलो.

"तुम्हाला मिळालं नाही म्हणून त्यांनी उपाशी मरायचं?"

मी ओरडतो हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मुलगी आतून धावत आली, तिच्यामागे बायको. आणि स्वयंपाकघराच्या दारात, या वेळी पाठमोऱ्या नव्हे, तोंड आमच्याकडे करून, कपाळाला पट्टी लावलेल्या सासूबाई उभ्या होत्या.

"पुरें!"

मला वाटलं अक्कांना म्हणतायत. नाही. माझ्याकडेच बघत होत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलें माझ्यासाठीं भांडायला? अक्का सांगतात खाऊं नको, मी खात नाहीं. जावई सांगतात खा, मी खातें. माझ्या ताटावर तुम्ही दोघें निवाडा करतां! मला तोंड नाहीं?"

अय्यो, काय तो आवाज! बायकोनं माझा दंड धरला. आपल्या आईला इतकं रागावलेलं तिनंही पाहिलं नव्हतं.

सासूबाई देवाच्या फळीशी गेल्या, बरणी काढली, ताट घेतलं, भात घेतला, ताक ओतलं. मग बरणीत हात घालून मूठभर मरवा काढला. चिमूट घ्यायची असते हे त्यांनीच मला शिकवलेलं. मूठ ताटावर चुरडली. घरभर वास सुटला. आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, पाटसुद्धा न मांडता, उभ्यानं, त्या तो भात जेवल्या. इतक्या मरव्यानं भात कडू झाला असणार, डोळ्यांत पाणी आलं होतं, ठसका लागला. तरी एक शीत ठेवलं नाही.

मग त्यांनी बरणी नेऊन अक्कांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या, अक्का. रागानें देत नाहीं." बरणी सरळ केली. "रागानेंच देतें. पण घ्या."

अक्कांचे हात बरणीवर आले. काच चाचपली, झाकण चाचपलं. उघडलं नाही.

"ऑपरेशन जालें आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "डोळ्याला चालतो का, डॉक्टरला विचारा."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, "मरु? देवाचा मरु? तो खातात?" मग डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, चालतो. अक्का म्हणाल्या, "बघूं."

उरलेले दिवस ती बरणी दोघींच्या ताटांच्या मधोमध राहिली. सासूबाई रोज चिमूट घेत, तळहातावर चोळत, जेवत. एकमेकींशी त्या फारसं बोलत नसत. वजन वाढलं, भरती टळली. अक्कांनी बरणीला हात लावला नाही. वास मात्र घेत असणार. नाकाला कोण बांध घालणार?

त्रिचीला जाणाऱ्या गाडीत त्यांना बसवायला आम्ही सगळे एग्मोर स्टेशनवर गेलो. खिडकीची जागा मिळाली. सासूबाई जरा मागे, बायको आणि मुलीजवळ उभ्या होत्या. अक्कांनी गजातून बोट हलवून मला जवळ बोलावलं.

"माप्पिळ्ळै," अगदी कानात, "आम्ही देवासाठीं कळे आलेला तोडतों. खायला आधीं तोडायचा, कीं नंतर?"

मी भडकलोच. इतकं सगळं करून, एका बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन, आता हे कानात? चोरून?

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "मी साताऱ्याचा. ज्यांना माहीत आहे त्या तिथे उभ्या आहेत. मोठ्यानं विचारा."

काळा चष्मा सुटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच डोळ्यानं, ज्यात मी इतके दिवस थेंब घातले होते. तो आता स्वच्छ होता आणि त्यात माझ्याबद्दल काहीही चांगलं दिसत नव्हतं. गाडीनं झटका दिला, डबा हलला.

"अगे!" अक्का ओरडल्या. "कळ्यांच्या आधीं, कीं नंतर?"

सासूबाई पदर कमरेला खोचून गाडीबरोबर चालायला लागल्या. "आधीं! आधीं! मणी दिसायच्या आधीं!"

"काय?"

"आधीं! आणि शिजवूं नका! चूल बंद करा, मग घाला!"

"कोणती बंद?"

"चूल! चूल, अक्का!"

दोघींचे आवाज चढलेले, दोघींचे हात हवेत. पाण्याची बाटली भरायला उतरलेला एक माणूस थबकला. आधी त्यानं सासूबाईंकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे, आणि तमिळमध्ये हळूच विचारलं, "काय सार, भांडण आहे का?"

"आमा," मी म्हणालो. हो. "अजून संपलं नाही."